गण पाठ झाले, कुळे राहून गेली

दहावीच्या विज्ञानातील ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ या पाठाविषयी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिरजगाव आहे. या गावात आणि आसपासच्या शाळांत विज्ञान शिकवणारे आम्ही काही जण अधूनमधून एकत्र बसतो. एखादा पाठ घ्यायचा, तो वर्गात कसा गेला ते एकमेकांना सांगायचे आणि नेमके कोठे अडले ते शोधायचे, एवढाच आमचा उद्योग. मागच्या एका बैठकीत आवर्तसारणीचा पाठ निघाला. पाठ चांगला झाला, मुलांना गण आणि आवर्तने तोंडपाठ आहेत, असे बहुतेकांचे म्हणणे होते. आमच्यातील एकाने मात्र वर्गात घडलेला प्रसंग सांगितला.

पहिला गण शिकवून झाला होता. लिथियम, सोडियम, पोटॅशियम ही एकाच कुळातील मूलद्रव्ये, त्यांचे गुणधर्म सारखे, असे फळ्यावर लिहिले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, मिठात सोडियम अन् पोटॅशमध्ये पोटॅशियम. दोघं एकाच घरातले म्हणता, तर मग कांद्याला पोटॅशऐवजी मीठ टाकलं तर काय होईल? मीठ कितीतरी स्वस्त पडतं.”

वर्ग हसला. शिक्षकांनी ‘पीक जळून जाईल’ असे सांगून वेळ मारून नेली. पण मुलाच्या प्रश्नात हसण्यासारखे काही नव्हते. फळ्यावर जे लिहिले होते त्यातून निघणारा तो सरळ निष्कर्ष होता. कुळातील सर्वांचे गुणधर्म सारखे असतील, तर एकाच्या जागी दुसरा का चालू नये? त्या दिवशी बैठकीतील आम्हा कोणालाच याचे समाधानकारक उत्तर चटकन देता आले नाही. म्हणून आम्ही पाठ पुन्हा उघडला. पुढील टीका त्या वाचनातून आली आहे. ती पुस्तकावर आहे, तितकीच आमच्या शिकवण्यावरही आहे.

पाठात काय आहे

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’ हे पुस्तक २०१८ साली आले. त्यातील दुसरा पाठ मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा आहे. डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, मेंडेलीव्हची सारणी, मोसलेचा अणुअंक आणि मग आधुनिक सारणी, असा त्याचा क्रम आहे. अष्टकांच्या जोडीला आपल्या संगीतातील सप्तकाची आठवण करून दिली आहे. पुढे इलेक्ट्रॉन संरूपण, संयुजा, अणूचे आकारमान आणि धातू-अधातू गुणधर्म यांचे कल येतात. शेवटी हॅलोजन कुळातील चढता क्रम आणि दुसऱ्या गणातील धातूंची पाण्याशी होणारी अभिक्रिया आहे.

हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. मूलद्रव्यांची कुळे कोणा एकाला एका रात्रीत सुचली नाहीत, पन्नास-साठ वर्षे चाचपडत रसायनशास्त्रज्ञ तेथपर्यंत पोहोचले, हे त्यातून दिसते. शिवाय ज्या काळात हा पाठ असणे हेच गृहीत धरता येत नाही, त्या काळात तो आपल्या पुस्तकात आहे. एन.सी.ई.आर.टी.ने २०२२ साली अभ्यासक्रमाचा भार कमी करण्यासाठी जी यादी जाहीर केली, तिच्यात दहावीचा आवर्ती वर्गीकरणाचा पाठ होता. २०२३ च्या छापील पुस्तकातून तो गेला. अकरावीच्या रसायनशास्त्रात तो राहिला, पण दहावीनंतर विज्ञान न घेणाऱ्या मुलाची त्याच्याशी गाठच पडणार नाही अशी व्यवस्था झाली. देशातील आणि परदेशातील वैज्ञानिकांनी त्यावर नाराजी व्यक्त केली. आम्हीही त्यांच्याच बाजूचे आहोत.

पण बाजू घेताना स्वतःलाही विचारायला हवे. दहावीत हा पाठ शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांमध्ये वर्षभराने काय फरक दिसतो? पाठ जर नावे, चौकटी आणि गणांचे क्रमांक एवढाच उरणार असेल, तर तो गाळल्याने फारसे बिघडत नाही असे कोणी म्हटले, तर आमच्याकडे काय उत्तर आहे?

नाव सांगा, गण सांगा

पाठाखालच्या प्रश्नांकडे पाहू. संयुजा एक असणाऱ्या अधातूंचे कुळ कोणते, संयुजा शून्य असणारा गण कोणता, अमुक संरूपणाचे मूलद्रव्य कोणत्या गणात येईल, या धर्तीचे प्रश्न त्यात आहेत. ते चुकीचे नाहीत. मुलाला सारणी वाचता येते का, हे त्यांतून कळते. पण सारणी वापरता येते का, हे कळत नाही. नकाशावर मिरजगाव दाखवता येणे वेगळे आणि नकाशा पाहून मिरजगावला पोहोचणे वेगळे.

या प्रश्नांना आम्ही शिक्षकांनी आमची भर घातली आहे. कुळातील नावे लक्षात राहावीत म्हणून गमतीदार वाक्ये रचून ती वर्गाकडून घोकून घ्यायची प्रथा सगळीकडे आहे. मूल ते वाक्य म्हणून दाखवते, आपण शाबासकी देतो आणि पुढच्या गणाकडे वळतो. रुबिडियम पोटॅशियमच्या खाली येतो हे त्याला कळलेले असते. त्यावरून रुबिडियमविषयी काही सांगता येते, हे मात्र कळलेले नसते.

मेंडेलीव्हचे मोठेपण नेमके येथेच आहे. त्याने १८६९ साली सारणी केली, ज्या जागी बसणारे मूलद्रव्य माहीत नव्हते त्या जागा रिकाम्या सोडल्या आणि १८७१ साली त्या जागांवर काय असेल ते आकड्यांनिशी लिहून ठेवले. त्या अज्ञात मूलद्रव्यांना त्याने आपला संस्कृत ‘एक’ हा शब्द जोडून नावे दिली: एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन. १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले. गॅलियम शोधणाऱ्या लकॉक द ब्वाबोद्रां याने त्याची घनता प्रथम ४.७ च्या आसपास मोजली होती. ती ५.९ च्या जवळ यायला हवी, नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजा, असे मेंडेलीव्हने कळवले. पुन्हा मोजल्यावर ती ५.९ भरली. ज्याने गॅलियमचा कणही पाहिला नव्हता, त्याने तो हातात धरणाऱ्याची चूक दाखवली. ही ताकद कुळाची होती.

पाठात मेंडेलीव्हचा हा विजय सांगितलेला आहे. पण तो सांगण्याचा विषय नाही, करून पाहण्याचा आहे. आम्ही वर्गात पुढील आकडे लिहितो. वितळण्याचे तापमान: लिथियम १८१, सोडियम ९८, रुबिडियम ३९, सीझियम २८ अंश सेल्सिअस. पोटॅशियमची जागा कोरी. मुलांनी अंदाज करायचा आणि तो का केला हे सांगायचे. सोडियम आणि रुबिडियम यांची सरासरी काढली तर साडेअडुसष्ट येते. प्रत्यक्ष उत्तर साडेत्रेसष्ट आहे. पाच अंशांची चूक मुलांना लहान वाटते आणि आपणही ‘शोध’ लावल्याचा आनंद मिळतो. मग विचारायचे, मे महिन्यात दुपारी आपल्या शाळेच्या कपाटात सीझियमची कुपी ठेवली तर आत काय दिसेल? पारा चाळिशीला टेकला की रुबिडियमही पातळ होईल, हे मुले स्वतः सांगतात.

येथे थांबू नये. लगेच घनता द्यावी: लिथियम ०.५३, सोडियम ०.९७, रुबिडियम १.५३. पोटॅशियमची किती? मुले सव्वाच्या आसपास सांगतात. खरी घनता आहे ०.८६, म्हणजे सोडियमपेक्षाही कमी. कुळाचा कल हा कायदा नाही, तो अंदाज आहे आणि तो मोजून तपासावा लागतो, हे या एका आकड्याने जितके कळते तितके पानभर स्पष्टीकरणाने कळत नाही. पाठात कल सांगितले आहेत, पण कल कोठे फसतो हे पाहायला मुलाला संधीच नाही.

रॉकेलमधला सोडियम आणि डाळीतला सोडियम

आमची दुसरी तक्रार अधिक मुळाशी जाणारी आहे. पाठात कुळे भेटतात ती मूलद्रव्यांच्या रूपात: रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला मऊ, चकचकीत सोडियम, पिवळट-हिरवा क्लोरीन वायू, पाण्याशी झुंजणारा कॅल्शियम. मिरजगावच्या मुलाने यातले काही पाहिलेले नसते आणि बहुधा जन्मात पाहणारही नाही. त्याला भेटतो तो मिठातला सोडियम, बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम, नळाच्या पाण्याला येणारा टीसीएलचा वास आणि मिठाच्या पुडीवर छापलेले आयोडीन. एक इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन शांत झालेल्या आयनांचे हे जग आहे. सोडियम धातू पाण्यात पेट घेतो आणि सोडियमचा आयन आपल्या रक्तात सुखाने राहतो. हा फरक स्पष्ट केला नाही, तर ‘सोडियम इतका जहाल, मग आपण मीठ कसे खातो?’ हा प्रश्न मुलाच्या मनात तसाच राहतो आणि रसायनशास्त्र पुस्तकातलेच आहे अशी त्याची खात्री होते.

दुसऱ्या गणाचे पाहा. आमचा भाग अवर्षणप्रवण. बोअर खोल जातात आणि पाणी जड असते. पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. हे सारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दुसऱ्या गणातील दोन भावांचे काम आहे. भारतीय मानकाप्रमाणे (२०१२) पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. भांड्यातला थर खरवडून त्यावर लिंबू पिळले की बुडबुडे येतात. तो कार्बोनेट असल्याची ती खूण. डाळ शिजेना तर आई चिमूटभर खाण्याचा सोडा टाकते. सोड्याने पाणी अल्कधर्मी होते, कॅल्शियमचा काही भाग कार्बोनेट होऊन बाजूला पडतो आणि डाळ मऊ होते. पहिल्या गणातील सोडियमच्या क्षाराने दुसऱ्या गणातील कॅल्शियमला बाजूला सारण्याचा हा प्रयोग घरोघर होतो. शाळेत त्याचा उल्लेखही होत नाही.

या गणाच्या नावात ‘मृदा’ हा शब्द का आला, हेही मुलाला कोणी सांगत नाही. जुने रसायनशास्त्रज्ञ चुना, मॅग्नेशिया असे आगीत न वितळणारे आणि पाण्यात फारसे न विरघळणारे पदार्थ ‘माती’ या नावाने ओळखत. लाव्हाझियेने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी केली तिच्यात चुन्याला मूलद्रव्य म्हणूनच जागा दिली होती. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये विजेच्या साहाय्याने सोडियम आणि पोटॅशियम वेगळे केले आणि १८०८ मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम व बेरियम. पानाच्या डबीतल्या चुन्यात एक धातू दडलेला आहे, हे तेव्हा उघड झाले.

याच कुळाचा एक कल जिवावरचा आहे. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे कृषी सेवा केंद्रात मिळणारे एप्सम सॉल्ट, लिटरभर पाण्यात तीनशे ग्रॅमच्या वर विरघळते. कॅल्शियम सल्फेट लिटरला साधारण दोन ग्रॅम. बेरियम सल्फेट लिटरला दोन-अडीच मिलिग्रॅम. पोटाचा एक्स-रे काढताना रुग्णाला बेरियम सल्फेटचे पांढरे मिश्रण पाजतात. बेरियमचा विरघळणारा क्षार विषारी असतो. सल्फेट विरघळतच नाही, म्हणून ते पोटातून जसेच्या तसे बाहेर पडते. कुळातला एक उतरता आकडा येथे माणसाला वाचवतो.

हॅलोजनांचेही तसेच. ग्रामपंचायतीचा कर्मचारी विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी चाचणी घेऊन पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही ते पाहतो. पुडीतल्या मिठात ग्राहकाच्या हाती पडताना दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. पाण्यात फ्लुओराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दीडच्या पुढे मुळीच नसावे, असे मानक सांगते. एकाच कुळातले तिघे मुलाच्या एका तांब्यात आणि एका ताटात हजर आहेत.

त्यांच्यातील चढता क्रम वर्गात दाखवताही येतो. पोटॅशियम आयोडाइडच्या पातळ द्रावणात भाताच्या पेजेचे निवळ पाणी आणि व्हिनेगरचे दोन थेंब घालावेत. रंग येत नाही. मग टीसीएलच्या अगदी पातळ, निवळलेल्या पाण्याचा एक थेंब सोडावा. द्रावण निळे होते, कारण क्लोरीनने आयोडीनला संयुगातून बाहेर काढले. उलट बाजूने मिठाच्या पाण्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. आयोडीनचा रंग तसाच राहतो. क्लोरीन काही जागा सोडत नाही. एक सूचना मात्र कडक पाळावी. टीसीएलच्या भुकटीवर कोणतेही आम्ल थेट ओतू नये आणि प्रयोग उघड्या खिडकीजवळ, थेंबांच्या मापानेच करावा.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर

आता मिठाच्या प्रश्नाकडे येऊ. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला एक गंमत आढळली. उत्तर पुस्तकातच आहे, पण दोन तुकड्यांत, आणि ते दोन तुकडे कोठेही एकत्र येत नाहीत.

पहिला तुकडा असा: एका गणातील मूलद्रव्यांच्या बाह्यतम कवचात सारखेच इलेक्ट्रॉन असतात, म्हणून त्यांचे वागणे सारखे. दुसरा तुकडा: गणात खाली जावे तशी कवचांची संख्या वाढते, म्हणून अणूचे आकारमान वाढते. सोडियमच्या अणूची त्रिज्या १८६ पिकोमीटर, पोटॅशियमची २३१. मुले दोन्ही वाक्ये परीक्षेत लिहितात आणि दोन्हीचे गुण घेतात. पण कुळ म्हणजे या दोन वाक्यांची ओढाताण आहे: साम्य पहिल्यातून येते, फरक दुसऱ्यातून. कोणत्या प्रसंगी कोण भारी पडेल, हाच खरा प्रश्न.

आयनांच्या रूपात सोडियमची त्रिज्या १०२ पिकोमीटर आणि पोटॅशियमची १३८ आहे. दोघांवर भार एकच, दोघांचेही क्लोराइड पांढरे, खारट आणि पाण्यात विरघळणारे. पण सजीवांच्या पेशी या आकारातला फरक ओळखतात. पेशीच्या आवरणात पोटॅशियमसाठी खास वाटा असतात. त्या पोटॅशियमला जाऊ देतात आणि त्याच्याहून लहान असूनही सोडियमला अडवतात. वाटेच्या भिंतीतील ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमच्या मापाने बसवलेले असतात. लहान सोडियमला ते नीट धरू शकत नाहीत, त्यामुळे भोवतीचे पाणी टाकून तो आत शिरत नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली ही रचना उलगडली आणि २००३ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पतीला पेशीतील पाण्याचा ताण राखायला, पानावरची छिद्रे उघडायला-मिटायला पोटॅशियम लागतो. बीटसारख्या थोड्या पिकांत सोडियम त्याचे काम काही प्रमाणात निभावतो, एरवी नाही.

शिवाय जमिनीचे काय होईल? सोडियम वाढला की काळ्या मातीचे चिकणकण एकमेकांपासून सुटतात, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण होते. चोपण जमीन सुधारायला शेतकरी जिप्सम टाकतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला दोन भारांचा कॅल्शियम मातीच्या कणांवरून सोडियमला हटवतो आणि निचरा चांगला असेल तर सोडियम पाण्याबरोबर वाहून जातो. स्वयंपाकघरात सोड्याने कॅल्शियमला हटवले, शेतात कॅल्शियम सोडियमला हटवतो. पोटॅशऐवजी मीठ टाकणारा शेतकरी या वर्षीचे चार पैसे वाचवील आणि पुढे जिप्समवर घालवील, हे त्या मुलाला द्यायचे उत्तर होते. ‘पीक जळेल’ हे वाक्य अगदी खोटे नव्हते, पण त्यात कारण नव्हते आणि कारणाशिवाय दिलेले उत्तर म्हणजे गप्प बसण्याचा हुकूम.

याला जोड म्हणून आरोग्य केंद्रात मिळणारी जलसंजीवनीची पुडी वर्गात आणावी. तिच्यावर साधे मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड, दोन्ही वेगवेगळ्या मापांनी लिहिलेले असतात: लिटरभर पाण्याला २.६ ग्रॅम आणि १.५ ग्रॅम. एका कुळातले दोघे एकमेकांच्या जागी चालत असते, तर दोन मापे कशाला लागली असती?

आणि फरक कमी पडला तर काय होते, त्याचेही उदाहरण द्यावे. कॅल्शियमचा आयन १०० पिकोमीटर, त्याच्याच कुळातल्या स्ट्रॉन्शियमचा ११८. एवढ्या फरकाने हाडे फसतात आणि कॅल्शियमबरोबर स्ट्रॉन्शियमही साठवतात. साधा स्ट्रॉन्शियम निरुपद्रवी आहे. पण उघड्यावरच्या अणुचाचण्यांतून किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० जगभर पसरला. तो गवतात, गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या दातांत गेला. अमेरिकेत सेंट लुइस येथे १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून हे मोजले गेले. वातावरणातील चाचण्या थांबवणारा करार १९६३ साली झाला, त्यामागे जे जनमत होते त्यात या दातांचाही वाटा होता. दुसऱ्या गणात कॅल्शियमच्या खाली कोण आहे, हा प्रश्न तेव्हा एका गुणाचा राहिला नव्हता.

‘कुळ’ या शब्दाविषयी

एक गोष्ट आपल्या भाषेशी संबंधित आहे. कुळ म्हटले की आपल्याकडे रक्ताचे नाते, जन्म आणि आडनाव मनात येते. मूलद्रव्यांच्या कुळात यातले काही नाही. पोटॅशियम सोडियमपासून जन्मलेला नाही. येथे कुळ ठरते ते वागण्यावरून, आणि वागणे ठरते बाह्यतम इलेक्ट्रॉनांवरून. जागा मिळाली म्हणून गुण येत नाहीत. गुण पाहून जागा दिली जाते. हायड्रोजन हे याचे चांगले उदाहरण. बाह्यतम कवचात एक इलेक्ट्रॉन म्हणून तो पहिल्या गणाच्या डोक्यावर बसतो, पण तो वायू आहे, अधातू आहे आणि हॅलोजनांप्रमाणे दोन-दोन अणूंनी राहतो. नुसत्या चौकटीवर विसंबणाऱ्या मुलाला तो दर वेळी चकवतो. ‘एकाच घरातले’ असे आम्ही सोयीसाठी म्हणतो तेव्हा ही सोय कोठे संपते तेही त्याच तासाला सांगितले पाहिजे.

आमचे मागणे

यावर सहकारी म्हणतील, पाठाला मिळणारे तास मोजके, परीक्षेत विचारतात ते गण आणि आवर्तन, मग हे सारे कधी करायचे? ही अडचण खरी आहे. म्हणून आम्ही तीनच गोष्टी सुचवतो.

पहिली, नावे घोकून घेण्यात जाणारा अर्धा तास कोऱ्या जागेच्या आकड्यांना द्यावा. नावे सारणीवर पाहून वाचता येतात. सारणी परीक्षेत हाताशी नसणे ही परीक्षेची उणीव आहे. दुसरी, निष्क्रिय वायूंच्या उपयोगांचा तक्ता करा असा जो उपक्रम पाठात आहे, त्याच्या जोडीला गावातील पाणी, माती आणि दुकानातल्या पुड्या यांतून तीन कुळे शोधा असा उपक्रम द्यावा. तिसरी, पुस्तकाची नवी आवृत्ती होईल तेव्हा प्रश्नांत निदान एक असा असावा: ‘या कुळातील एकाच्या जागी दुसरा चालेल का? कारण द्या.’ या एका प्रश्नात साम्याचा धागा आणि आकारमानाचा धागा, दोन्ही पकडल्याशिवाय उत्तर लिहिता येणार नाही.

मुलांना कुंड्यांत मेथी लावून मीठ आणि पोटॅश यांची तुलना करावीशी वाटली तर अवश्य करू द्यावी. मात्र दोन्हींचे माप सारखे आणि अगदी थोडे ठेवावे आणि तिसरी कुंडी साध्या पाण्याची असावी. आठवडाभरात फरक दिसेलच असे नाही, कारण जास्त झालेला कोणताही क्षार, मग तो पोटॅश का असेना, मुळांना पाणी घेऊ देत नाही. रोपे सारखीच कोमेजली तर तेही लिहून ठेवावे. त्या कुंड्यांत मुलांना कुळाचे साम्य आधी दिसेल. फरक दिसायला हंगाम लागेल.

त्या मुलाला आम्ही पुढच्या तासाला उभे करून त्याचा प्रश्न फळ्यावर लिहायला सांगितला. त्या तासाला पाठ्यपुस्तक शेवटच्या दहा मिनिटांतच उघडले.